सर्व्हर बदलण्यापूर्वीची कसोटी



कार्यालयात नवा सर्व्हर आला की काम अधिक वेगाने होईल, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. परंतु सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलते, तेव्हा संगणकांच्या परस्पर संपर्काचे नियमही पुष्कळदा बदलतात. जुन्या नियमांना सरावलेला प्रोग्राम अशा वेळी अडखळतो. त्याची झळ पोचते ती दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या नागरिकाला. म्हणून अदलाबदलीपूर्वीच्या चाचणीचा आज विचार करावयाचा आहे.

याचे बोलके उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २००८ मध्ये आलेली विंडोज सर्व्हर २००८ ही आवृत्ती. तिच्यात संपर्कव्यवस्थेचा गाभाच नव्याने रचण्यात आला होता. आयपीव्ही ४ च्या जोडीला आयपीव्ही ६ मुळातच कार्यान्वित होते. जुना पत्ता लिहिण्यास जास्तीत जास्त १५ अक्षरे पुरत. नव्या पत्त्यास ३९ पर्यंत लागू शकतात. ज्या प्रोग्रामने नोंदवहीत पत्त्यासाठी १५ अक्षरांचाच रकाना ठेवला, त्याची अडचण उघड आहे.

दुसरा बदल पोर्टविषयीचा. पोर्ट म्हणजे एकाच इमारतीतील निरनिराळ्या दारांचे क्रमांक, असे समजावे. पूर्वी तात्पुरत्या वापरासाठी १०२५ ते ५००० हे क्रमांक होते; त्यांच्या जागी ४९१५२ ते ६५५३५ हे आले. दोन कार्यालयांमधील फायरवॉलमध्ये जुनेच क्रमांक मोकळे ठेवले असतील, तर नव्या दाराकडे निघालेली विनंती वाटेतच थांबते. शिवाय सर्व्हरची स्वतःची फायरवॉलही या आवृत्तीत आरंभापासूनच सुरू होती.

यास्तव चाचणी पद्धतशीर हवी. प्रथम कार्यालयातील सर्व प्रोग्राम आणि त्यांना लागणारे पोर्ट यांची यादी करावी. वर्षातून एकदाच चालणारा प्रोग्रामही तीत असावा. नवी ऑपरेटिंग सिस्टीम निराळ्या यंत्रावर बसवून रोजचे काम आरंभापासून अखेरपर्यंत करून पाहावे. ही परीक्षा त्याच खोलीतून न घेता दूरच्या शाखेतूनही घ्यावी, कारण अडथळे बहुधा वाटेतच असतात. महिनाअखेरीची गर्दी गृहीत धरून पुष्कळांनी एकाच वेळी काम करावे.

येथे एक मोह टाळणे अगत्याचे आहे. प्रोग्राम चालेना, की फायरवॉल बंद करून पाहिली जाते आणि काम सुरू झाले म्हणून ती तशीच राहते. त्याने दोष दूर होत नाही. सर्व्हर मात्र असुरक्षित होतो. कोणता पोर्ट अडला, हे शोधून तेवढीच वाट मोकळी करावी व त्याची लेखी नोंद ठेवावी. प्रत्यक्ष अदलाबदलीनंतरही काही काळ जुना सर्व्हर परतीसाठी सज्ज असावा.

विंडोज सर्व्हर २००८ ची विस्तारित साहाय्याची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली. विंडोज सर्व्हर २०१६ साठी हीच तारीख १२ जानेवारी २०२७ अशी जाहीर झालेली आहे. मुदतीच्या तोंडावर घाईने केलेल्या बदलात चाचणीलाच प्रथम कात्री लागते. म्हणून आपल्या कार्यालयातील प्रोग्रामची यादी करण्याचे काम आपण या आठवड्यातच हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे.