पायाची रक्तवाहिनी उघडल्यानंतर

(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



थोडे चालले की पोटरी भरून येते आणि दोन मिनिटे उभे राहिले की बरे वाटते, अशी तक्रार आपल्या घरातील वडीलधारी माणसे करतात. "वय झाले" म्हणून आपण ती सोडून देतो. पुष्कळदा हा वयाचा दोष नसतो. पायाला रक्त पुरवणारी वाहिनी चोंदत आलेली असते. दुर्लक्ष झाले तर जखमा भरत नाहीत, बोटे काळी पडतात आणि पाय कापण्याची पाळी येते.

१९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतील पोर्टलंड येथे ८२ वर्षांच्या एका बाईंवर हीच वेळ आली होती. पाय कापण्यास त्यांनी नकार दिला. तेव्हा डॉ. चार्ल्स डॉटर यांनी वाहिनीत बारीक नळी घालून ती आतून रुंद केली. पाय वाचला. पुढे १९७४ मध्ये झुरिच येथे डॉ. ग्रुंटझिग यांनी नळीच्या टोकाला फुगा बसवला. आज हा उपचार मोठ्या शहरांतून सर्रास होतो.

परंतु वाहिनी उघडली म्हणजे रोग गेला, असे समजू नये. फुग्याने एक अडथळा दूर होतो. तो निर्माण करणारे रक्त तेच असते.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते प्रथिनांच्या वेष्टनातील कणांतून रक्तात फिरते. एल.डी.एल. हे कण वाहिनीच्या भिंतीत शिरून साचतात. एच.डी.एल. कण कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतात. मात्र औषधाने केवळ एच.डी.एल. वाढवून झटके टळल्याचे दिसलेले नाही. तेवढाच माल दहा बैलगाड्यांतून नेता येतो किंवा पन्नास हातगाड्यांतून. तसेच कोलेस्टेरॉल तेवढेच असूनही कणांची संख्या जास्त असू शकते. मधुमेह असलेल्या आणि पोट सुटलेल्या माणसांत लहान, घट्ट कण अधिक आढळतात. प्रत्येक एल.डी.एल. कणावर अपो-बी नावाचे एकच प्रथिन असते, म्हणून त्याच्या तपासणीने कणांच्या संख्येचा अंदाज येतो. लायपोप्रोटीन (ए) हा आणखी एक कण वारशाने येतो. पथ्याने तो फारसा बदलत नाही. आयुष्यात एकदा त्याची तपासणी करून घ्यावी.

प्रयोगशाळेच्या कागदावर एल.डी.एल. १०० च्या आत दिसले की आपण निर्धास्त होतो. निरोगी माणसाला ते ठीक आहे. पायाची वाहिनी एकदा चोंदलेल्या रुग्णासाठी युरोपातील तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ५५ मिलिग्रॅमपेक्षा कमी हे उद्दिष्ट ठरवले. म्हणून स्टॅटिनची गोळी व रक्त पातळ ठेवणारे औषध "आता बरे वाटते" म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. हाच रोग हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांतही असू शकतो.

घरी आल्यावर काही दिवस जड ओझे उचलू नये. जांघेत सूज आली, रक्त आले, किंवा पाय अचानक गार, पांढरा वा बधिर पडला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. डॉक्टरांची परवानगी मिळताच चालणे सुरू करावे : दुखू लागेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीन वेळा, निदान बारा आठवडे करावे. विडी, सिगारेट, तंबाखू, मशेरी कायमची सोडावी. मधुमेही माणसाने रोज पायाचे तळवे पाहावेत व अनवाणी फिरू नये.

विद्यार्थी मित्रांनो, यात तुमचा वाटा मोठा आहे. आजोबांचा तपासणीचा कागद त्यांना वाचून दाखवा, आजीचे तळवे पाहा, संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालायला जा. तुमचे शिक्षण घरच्या माणसांच्या उपयोगी पडावे.