तळी खोदणाऱ्यांच्या मुलांना तळ्यांचे शास्त्र

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सरोवरांचे आणि पाणलोटाचे शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा विषय मी आजच्या वर्गासाठी मागून घेतला, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले की, ज्या शहराने वर्षानुवर्षे तीन-चार दिवसांआड नळाचे पाणी पाहिले, त्या शहरात हा विषय चैनीचा ठरणार नाही काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही लहरीने पडतो. म्हणून येथे माणूस टिकला तो तळ्यांच्या आधाराने. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात, कायकाला म्हणजे श्रमाला पूजा मानणाऱ्या शरणांकरवी खोदविले असे परंपरा सांगते, ते तळे आजही किल्ल्याच्या तटाशी आहे. हिप्परग्याजवळ आदिला नदीवरचा एकरुख तलाव १८७१ साली पुरा झाला. मोहोळ तालुक्यातील आष्टीचा तलाव १८७६–७७ च्या भीषण दुष्काळात पोटासाठी आलेल्या माणसांच्या हातांनी आकार घेऊ लागला. आणि १९७२ चा दुष्काळ तर या सभागृहात बसलेल्या काहींनी स्वतः भोगला आहे. सुकडी खाऊन, खडी फोडून, पाझर तलावांच्या भरावावर डोक्याने माती वाहून लाखो स्त्री-पुरुषांनी तो काळ काढला. त्या श्रमांतून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. आपल्या चळवळीला ज्यांचा अभिमान वाटावा अशा थोड्या कायद्यांपैकी तो एक आहे.

पण ज्यांनी भराव घातला त्यांना तलाव कोठे असावा हे कोणी विचारले नाही. पाझर तलाव पाझरतो तो खालचा खडक झिजलेला, भेगाळलेला असेल तरच. आपला काळा पाषाण अखंड असला तर पाणी उन्हाने उडून जाते. वरून वाहून आलेल्या चिकणमातीने तळ भरला तरी तेच. एवढी गोष्ट समजून काम करायचे तर गावागावांत ती मोजणारी माणसे हवीत. ती नसली म्हणजे काय होते, हे आपण अलीकडेही पाहिले. जलयुक्त शिवार योजनेवर ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. भूजल वाढविण्याच्या बाबतीत तिचा फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालात आहे. कोटींचा हिशेब सरकारने ठेवला, पाण्याचा ठेवणारे कोणी नव्हते.

उजनीचे उदाहरण याहून मोठे आहे. १९८० साली पुऱ्या झालेल्या या धरणाची साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यातली निम्म्याहून अधिक, म्हणजे ६३ अब्ज घनफूट, मृत साठ्याची. उन्हाळ्यात सोलापूरची तहान अनेकदा त्या मृत साठ्यावरच भागली आहे. आणि त्या साठ्यात येते काय? मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी यांच्या वाटेने पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी येते, कारखान्यांचे येते, वरच्या उसाच्या शेतांतले खत येते. त्या खतावर शेवाळ आणि जलपर्णी माजतात. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री मात्र तेच तो ओढून घेते. पहाटेच्या सुमारास पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासळी मरते ती त्या वेळी. सकाळी मेलेले मासे दिसतात, दहा वाजता अधिकारी नमुना घेतो, तोवर ऊन चढून प्राणवायू वाढलेला असतो. कागदावर पाणी निर्दोष ठरते! जाळे घेऊन पहाटे होडीत बसणाऱ्या भोई बांधवाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याच्या सांगण्याला शास्त्राची मोहोर लागत नाही, कारण त्याच्या मुलाला त्या शास्त्राच्या वर्गापर्यंत कोणी पोहोचू दिलेले नाही.

आता शिष्यवृत्त्यांकडे वळू. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. या शिष्यवृत्तीने काय घडविले हे आपणांस सांगायला नको. पण २०२१ साली सुधारलेल्या दरांनुसार एम. एस्सी. करणाऱ्या, वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाहभत्ता ठरला तो वर्षाला ९,५०० रुपये. महिन्याचे आठशेही होत नाहीत. तळ्याचा प्राणवायू मोजायचा तर पहाटे हिप्परग्याला पोहोचले पाहिजे; त्या वेळी एसटी नसते. नमुन्याच्या बाटल्या, रसायने, रिक्षाभाडे आठशे रुपयांत बसवायचे आणि जेवायचेही! ज्याच्या घरी शेती-वाडी आहे त्यालाच हे परवडते, आणि त्याला बहुधा वेगळेच काही शिकायचे असते.

केंद्राची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची. रक्कम बरी आहे. मात्र मंडळाच्या परीक्षेतील वरच्या एक टक्क्यांत येण्याची तिची प्रमुख अट आहे. तिच्या अठरा विषयांत समुद्रशास्त्र आहे, वातावरणशास्त्र आहे. सरोवरशास्त्राचे नाव नाही. भूशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन कोणी तळ्याकडे वळू शकतो हे खरे. तथापि विड्या वळत अभ्यास करणारी मुलगी त्या एका टक्क्यात किती वेळा येते, याचा विचार करा.

शिष्यवृत्तीने माणूस तळ्यापर्यंत पोहोचला आणि त्यातून धोरण बदलले, असे उदाहरण जगात आहे. डेव्हिड शिंडलर हा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील लहान गावात वाढलेला मुलगा ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला. (तो पैसा आफ्रिकेच्या खाणींतून निघालेला होता, हेही विसरू नये.) पुढे कॅनडात १९७३ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी एका तळ्याचे पडदा टाकून दोन भाग केले. एकात कार्बन आणि नत्र सोडले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरद. स्फुरदाचा भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा निवळ राहिला. साबण-कारखानदारांची बाजू तोवर कार्बनकडे बोट दाखवीत होती. त्या दोन रंगांच्या तळ्याच्या छायाचित्रापुढे तिचे चालेना. धुण्याच्या पावडरीतील स्फुरदावर बंधने घालण्याच्या बाजूला त्यामुळे मोठे बळ मिळाले. हा प्रयोग लोकांच्या पैशावर उभा होता, हे लक्षात घ्या.

तर मग पैसा कोठून? येथे आपल्या शहराचाच इतिहास उपयोगी पडतो. विडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ साली उपकराचा कायदा झाला. विडीमागे पैसा गोळा होई आणि त्यातून त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळे. १९७७ साली पाणी वापरून ते दूषित करणाऱ्या कारखान्यांवर आणि स्थानिक संस्थांवर पाणी-उपकर बसला. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ साली, हे दोन्ही उपकर रद्द झाले. विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती त्यानंतर अर्थसंकल्पातील तरतुदीवर, म्हणजे दरसालच्या मर्जीवर, विसंबून राहिली. पाणी-उपकराचे तर कोणाला नावही आठवत नाही. श्रमावरचा उपकर श्रमिकाच्या मुलासाठी असे, पाण्यावरचा पाण्यासाठी. हा धागा करसुधारणेच्या नावाखाली तोडला गेला आणि आपणही त्या वेळी पुरेसे बोललो नाही, हे मान्य केले पाहिजे.

तो धागा पुन्हा जोडण्याची मागणी आपण करावी, असे माझे म्हणणे आहे. रोजगार हमीसाठी महाराष्ट्राने १९७५ साली पगारदारांवर व्यवसाय कर बसविला होता. शहराने गावाच्या श्रमाचे मोल द्यावे हे तत्त्व या राज्याने एकदा स्वीकारलेले आहे. भीमेच्या खोऱ्यातील उद्योगांना जे पाणी मोजून दिले जाते, त्याच्या आकारातील लहानसा हिस्सा सरोवर व पाणलोट शिष्यवृत्तीसाठी राखून ठेवावा. शिष्यवृत्ती शेतमजुराच्या किमान वेतनाहून कमी नसावी आणि ती दरमहा मिळावी. वर्ष संपल्यावर हाती पडणारा पैसा सावकाराकडे जातो, मुलाकडे नाही. पहिला हक्क रोजगार हमीवरील मजूर, विडी व यंत्रमाग कामगार, भोई आणि उजनीचे धरणग्रस्त यांच्या मुलामुलींचा. गुणांची अट उत्तीर्ण होण्यापुरती असावी. येथील विद्यापीठात भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र शिकवले जाते. २०१९ पासून ते अहिल्यादेवींचे नाव लावते, ज्यांनी देशभर बारवा आणि घाट बांधले. विद्यार्थ्याने एक तलाव दोन वर्षे मोजावा आणि ते आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले जावेत, एवढीच मोबदल्याची अट असावी.

पुढे नोकरी कोठे, हा आक्षेप येईलच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा, प्रदूषण मंडळ, नगरपालिकांची जलशुद्धीकरण केंद्रे येथे ही माणसे लागतात. पदे कंत्राटाने भरण्याचे धोरण चालू ठेवायचे असेल तर शिष्यवृत्ती अर्धीच राहील. म्हणून कायम पदांची मागणी याच निवेदनात आली पाहिजे, वेगळ्या मोर्चासाठी राखून ठेवू नये.

पुढील बैठकीस येताना करमाळा, मोहोळ, सांगोला आणि शहर येथील साथींनी दोन याद्या आणाव्यात: आपल्या भागातील तलावांची, त्यांत गाळ किती आणि पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते यांसह, आणि बारावी शास्त्र शाखेत शिकणाऱ्या कामगार घरांतील मुलामुलींची. निवेदनाचा मसुदा त्यांवरून करू.