उद्यमशीलता आणि चिरस्थायी विकास



घरातील तरुणाने उद्योग काढण्याचा मनोदय बोलून दाखविला की, आपण वडीलधारी मंडळी प्रथम विचारतो, “यात मिळणार किती?” हा प्रश्न अयोग्य नव्हे; परंतु तो अपुरा आहे, असे आमचे नम्र मत आहे.

कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून ते शेतीच्या अवजारांकडे वळले. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. अखंड कडबा टाकला तर गुरे त्यातील पुष्कळसा तुडवून वाया घालवितात. त्याचीच कुट्टी केली तर तीच वैरण अधिक दिवस पुरते. कारखानदाराचा नफा आणि शेतकऱ्याची बचत येथे एकाच यंत्रातून निघाली. पुढे लोखंडी नांगर तयार झाला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. १९१० साली औंधच्या अधिपतींच्या साहाय्याने त्यांनी कुंडल रोड स्थानकानजीकच्या ओसाड माळावर कारखाना वसविला आणि त्याच्यासवे कामगारांचे गावही वसविले. तेच किर्लोस्करवाडी.

१९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने चिरस्थायी विकासाची जी कल्पना मांडली, तिचे सार इतकेच की, आजची गरज भागविताना उद्याच्या पिढीचा वाटा खाऊ नये. आता धाडस आणि चिकाटी हे गुण खरे. पण भूगर्भातील पाणी आटेपर्यंत विंधनविहिरी खोल नेणाऱ्याच्या अंगीही ते असतातच! तेव्हा गुण उद्योगाला बळ देतात, दिशा मात्र हेतूच देतो. ज्याचा हेतू गिऱ्हाइकाची नड भागविण्याचा असतो, तो वाट पाहू शकतो. ज्याला केवळ झटपट पैसा हवा असतो, त्याला तेवढी सवड नसते.

म्हणून आमची मंडळास विनंती आहे की, शिष्यवृत्तीबरोबरच उद्योगासाठीही बिनव्याजी साहाय्य द्यावे. ते देताना अर्जदारास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : तुझ्या मालाने कोणाची नड भागेल? आणि तुझ्या कारखान्यामागे नदी, विहीर व जमीन कोणत्या स्थितीत उरेल? याची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याला दोन वर्षे नफा झाला नाही तरी आपण त्याची पाठराखण केली पाहिजे. तेवढा धीर आपल्या अंगी नसेल, तर तो तरुणांकडून तरी कोणत्या तोंडाने मागावा?