मदतीचं ॲप उघडत नाही तेव्हा

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



शाळेत गणित अडलं की शेजारचा वहीत डोकावायचा आणि ‘अरे, हातचा विसरलास’ म्हणायचा. आता आपली बाकं लांब लांब गेली आहेत. कुणी नाशिकला, कुणी बंगळुरूला, कुणी कॅनडात. पण अडायचं काही थांबलेलं नाही. दुसऱ्याच्या वहीत लांबून डोकावायची सोय मात्र संगणकाने करून दिली आहे.

विंडोजवर २०१६ पासून असलेली अशी एक सोय म्हणजे ‘क्विक असिस्ट’. मदत करणारा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून आत जातो आणि त्याला सहा अक्षर-अंकांचा कोड मिळतो. तो त्याने फोनवर सांगायचा, समोरच्याने आपल्या संगणकात भरायचा आणि परवानगी द्यायची. मदत घेणाऱ्याला खातं लागत नाही. कोडची मुदत दहा मिनिटं असते, तेव्हा चष्मा आधी शोधून ठेवावा. (हशा)

पण नेमकं गरजेच्या वेळी हे ॲप उघडत नाही. नुसतं गोल फिरत राहतं, नाहीतर पांढरी चौकट येते. तेव्हा काय पाहायचं ते क्रमाने सांगतो, सोपं आधी.

पहिलं, संगणक ‘रीस्टार्ट’ करा. बंद करून चालू करणं वेगळं. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर बंद होताना संगणक आतली बरीचशी स्थिती साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच उचलतो. रीस्टार्ट केलं की पाटी पुसली जाते.

दुसरं, कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली आणि वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जाऊ शकतं. इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीला ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र लागतं. संगणकाची तारीख त्या मुदतीत बसली नाही की जोडणी नाकारली जाते. ॲप बिचारं ठणठणीत असतं.

तिसरं, ॲप जुनं तर नाही? विंडोजमधलं मूळचं क्विक असिस्ट २०२२ मध्ये बंद झालं आणि नवं मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये आलं. बरेच दिवस न वापरलेल्या संगणकावर जुनंच असेल तर स्टोअरमधून नवं घ्या.

चौथं, पांढरी चौकट. नवं ॲप ‘वेबव्ह्यू २’ नावाच्या घटकाच्या आधारावर चालतं. तो नसेल किंवा बिघडला असेल तर चौकट रिकामीच दिसते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून तो पुन्हा बसवता येतो. तरीही जमलं नाही तर सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत क्विक असिस्ट शोधा, ‘रिपेअर’ करा, मग ‘रीसेट’.

पाचवं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडून बघा. तिथे चाललं तर अडथळा नेहमीच्या नेटमध्ये आहे. काही संस्थांमध्ये असली ॲप मुद्दाम अडवलेली असतात.

आणि जोडणी झाल्यावर मदत करणाऱ्याचा पडदा मधेच काळा झाला तर घाबरू नका. संगणक त्या वेळी मालकाची खास परवानगी मागत असतो. ती समोरच्यानेच द्यायची असते.

आता मला खरं सांगायचं आहे ते. ॲप उघडत नाही ती वेळ सगळ्यात धोक्याची. माणूस वैतागतो, इंटरनेटवर ‘हेल्पलाइन’ शोधतो आणि दिसेल त्या पहिल्या क्रमांकावर फोन लावतो. पलीकडचा अगदी गोड बोलतो, ॲप सुरूही करून देतो आणि बघता बघता खातं रिकामं होतं. ‘एनीडेस्क’च्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. क्विक असिस्टचा भामटे गैरवापर करताहेत, हे मे २०२४ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. ॲप दोन्ही खरी आहेत. खोटा असतो तो कोड सांगणारा माणूस.

म्हणून नियम एकच. ज्याला आपण ओळखतो आणि ज्याचा नंबर आपल्याकडे आधीपासून आहे, त्याला आपण स्वतः फोन करायचा आणि त्याचाच कोड भरायचा. पैसे गेलेच तर आधी नेट तोडा, बँकेला कळवा आणि लगेच १९३० वर फोन करा.

सर, बाई, तुमच्यातले कितीतरी जण आम्हाला फोन करत नाहीत. ‘मुलं कामात असतील, कशाला त्रास द्यायचा,’ असं तुम्हाला वाटतं. हा संकोचच माणसाला अनोळखी नंबराकडे नेतो. तुम्ही आम्हाला एकच बेरीज दहा-दहा वेळा समजावलीत, तेव्हा कधी त्रास मोजला नाहीत. आम्हीही मोजणार नाही.

आणि मित्रांनो, आपण आज इथून उठण्यापूर्वी एक काम करू. प्रत्येकाने एका शिक्षकांचा नंबर घ्यायचा, आपला त्यांच्या फोनमध्ये टाकायचा आणि येत्या रविवारी, काही अडलेलं नसताना, एकदा जोडणी करून बघायची. म्हणजे खरी गरज पडेल तेव्हा ॲपही उघडेल आणि फोनही योग्य माणसालाच जाईल.