रोपासोबत कीड घरी आणू नका

मिरग जवळ आला की आपल्या बचत गटांत एकच गडबड असते. खड्डे घ्यायचे, पिशव्या भरायच्या, रोपं आणायची. आज त्या रोपांबद्दलच बोलायचं आहे.

मागच्या वर्षी आमच्या गटानं पपईची रोपं स्वस्तात मिळाली म्हणून टेम्पोनं आणली. दुसऱ्या दिवशी पाणी घालताना एकीनं पान उलटून पाहिलं, तर खाली कापूस चिकटल्यासारखं पांढरं. पिठ्या ढेकूण! पैसे अडकले होते. ‘पुसून टाकू, विकून मोकळ्या होऊ,’ असं कुणीतरी म्हणालं. खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच आलं. पण गटातल्या एका मावशीनं विचारलं, ‘ही रोपं तू स्वतःच्या बांधावर लावशील का?’ आम्ही गप्प झालो. लागलेली सगळी रोपं उपटून खड्ड्यात पुरली. तोटा झाला, पण तो आमच्यापुरताच राहिला.

पपईवरचा एक पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिकोकडचा. २००८ साली तो आपल्या देशात कोइमतूरला दिसला, पुढं पुणे भागातही आला. तो पपईवरच थांबत नाही. तुती, जास्वंद, सागवान, इतकंच काय गाजर गवतावरही तो जगतो. तामिळनाडूत तुतीचं फार नुकसान झालं. आपल्याकडंही रेशमासाठी तुती लावणाऱ्या बाया आहेत आणि किनवट-माहूरला सागाचं जंगल आहे, हे लक्षात घ्या.

शेळ्यांना आपण सुबाभळीचा पाला घालतो. त्या सुबाभळीवरही अशीच एक बाहेरची कीड आली, माव्यासारखी बारीक आणि उड्या मारणारी. अमेरिकेकडून बेटाबेटानं पुढं सरकत ती १९८८ मध्ये भारतात पोहोचली आणि कोवळे शेंडे वाळवू लागली. आणि गाजर गवत तर आपण रोजच उपटतो. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं. आज कोणता बांध त्याच्यावाचून आहे?

बाहेरची कीड इतकी का माजते? तिला खाणारे शत्रू तिच्या मूळ देशातच राहिलेले असतात. म्हणून २०१० मध्ये त्या पिठ्या ढेकणावर जगणारे बारीक मित्रकीटक परदेशातून मागवले. ते आधी बेंगळुरूला बंदोबस्तात ठेवून तपासले आणि मगच शेतात सोडले. त्यांनी कीड आटोक्यात आणली. शत्रूचा शत्रू आणतानाही एवढी काळजी घ्यावी लागते.

कोरोनात आपण क्वारंटाईन हा शब्द शिकलो. झाडांचंही क्वारंटाईन असतं. त्यासाठी आपल्या देशात १९१४ पासून कायदा आहे आणि २००३ चा सविस्तर आदेश आहे. परदेशातून रोप किंवा बियाणं आणायचं तर परवाना लागतो, पाठवणाऱ्या देशाचा झाड निरोगी असल्याचा दाखला लागतो, बंदरावर किंवा विमानतळावर तपासणी होते. मालाच्या लाकडी खोक्यांतूनही लाकूड पोखरणारे भुंगेरे येतात. म्हणून ते लाकूड आतपर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवतात, किंवा त्याला धुरी देतात, आणि त्यावर गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का मारतात.

पण मैत्रिणींनो, कीड एकदा बंदर ओलांडून आत आली की गावोगाव फिरणारा प्रत्येक टेम्पो कोण तपासणार? तिथं आपलेच डोळे आणि आपलेच हात. आपला लातूर जिल्हा राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्यांपैकी. बांधावरची चार झाडं हेच आपलं जंगल.

म्हणून एवढं करा. रोप घेताना पान उलटून बघा. शेंडा, खोड आणि पिशवीतली माती बघा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर तिथं पिठ्या किंवा मावा असण्याचा संशय घ्या. नवी रोपं पंधरा दिवस जुन्या रोपांपासून लांब ठेवा. कीड दिसली तर लागलेला भाग पिशवीत बांधा आणि जाळा किंवा खोल पुरा. रस्त्यावर, ओढ्यात टाकू नका. रोपवाटिकेभोवतीचं गाजर गवत फुलायच्या आत उपटा. दिसेल ते औषध फवारू नका, त्यानं मित्रकीटकही मरतात. ओळखू न येणारी कीड दिसली तर फोटो काढून कृषी खात्याच्या माणसाला दाखवा, वनातल्या झाडावर असेल तर वनरक्षकाला सांगा. आणि परदेशी गेलेल्या लेकी-जावयाला सांगून ठेवा, येताना पिशवीत फांदी, बी किंवा माती आणू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत हिशोबाच्या वहीत एक पान वेगळं काढा. रोपं कुठून आली, कधी आली, कुणी तपासली, एवढंच लिहा. उद्या कीड निघालीच, तर ती कोणकोणत्या बांधावर गेली हे त्या पानावरून कळेल.

येते मी. झाडं जपा.