चोपन्न ग्रॅमचं पिल्लू आणि त्याची आई



परदेशातल्या आपल्या घरांमध्ये एक तह ठरलेला असतो. मुलांना कुत्रा हवा असतो, आईबाबांना काहीच नको असतं, आणि तडजोड म्हणून गिनी पिग येतो. माझी आई साताऱ्याहून फोनवर त्याला सरळ 'उंदीर' म्हणते. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या पेरूकडच्या डोंगरांतला, हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग पेरूच द्या की त्याला खायला." गंमत म्हणजे ते अगदीच चूक नाही. का, ते पुढे येईल.

आजचं बोलणं विशेषतः अशा घरासाठी आहे, जिथे दुकानातून 'नर' म्हणून आणलेला गिनी पिग काही आठवड्यांत दोन्ही बाजूंनी फुगत चाललाय. हे वाटतं त्यापेक्षा जास्त घडतं. लहान वयात नर-मादी ओळखणं अवघड असतं, दुकानात कधी कधी सगळे एकत्र ठेवलेले असतात, आणि मादी महिनाभराची झाली की गाभण राहू शकते. इथे न्यू जर्सीत गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे हेच झालं. लेकीने नाव ठेवलं होतं 'बाजीराव'. बाजीराव व्याली. तीन पिल्लं झाली: ९१ ग्रॅम, ८६ ग्रॅम आणि ५४ ग्रॅम.

५४ ग्रॅम म्हणजे एखादं लिंबू. नवजात पिल्लू साधारण ७० ते १०० ग्रॅमचं असावं, आणि ६०च्या खाली असेल तर जगण्याची खात्री देता येत नाही. व्हेटनी आम्हाला हे स्वच्छ सांगितलं, लेकीसमोरच. मला ते आवडलं.

या पिल्लांची एक फसवी गोष्ट आहे. उंदराचं पिल्लू तीन आठवड्यांत जन्मतं, उघडंवाघडं आणि आंधळं. गिनी पिग ५९ ते ७२ दिवस पोटात असतो. त्यामुळे जन्मतःच अंगावर केस, डोळे उघडे, तोंडात दात, आणि थोड्याच वेळात घरभर फिरायची तयारी. पाहुणे बघून म्हणतात, "अगंबाई, केवढं हुशार!" आणि आपण निर्धास्त होतो. पण दुबळं पिल्लूही असंच दिसतं, फिरतं, आईच्या मागे पळतं, आणि आतून रिकामं होत जातं. डोळ्यांना ते कळत नाही, काट्याला कळतं. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, तो ग्रॅमवर लावा, औंसवर नको, आणि रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. मी अर्थातच एक्सेल शीट केली, घरात यथेच्छ चेष्टा झाली. पहिले एक-दोन दिवस वजन थोडं उतरलं तर घाबरू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही वाढत नसेल तर फोन उचलायचा.

आता मुद्दा दुधाचा. गिनी पिगच्या मादीला सड दोनच. पिल्लं तीन. म्हणजे धाकट्याचा नंबर कायम शेवटी. यावर उपाय सोपा आहे: दिवसातून तीन-चार वेळा मोठ्या दोघांना पंधरा मिनिटं शेजारच्या खोक्यात ठेवायचं आणि धाकट्याला आईजवळ एकटं सोडायचं. हे काम लेकीने मनापासून केलं, शाळेला जाण्याआधीसुद्धा. पिल्लाला कायमचं वेगळं मात्र करू नका. आई त्याला चाटते त्यानेच त्याला शी-शू होते, आणि आईच्या लेंड्या खाऊन त्याच्या पोटात पचनाचे जंतू जातात. ऐकायला कसंतरी वाटतं, पण ते काम आपल्याला जमणारं नाही.

वरचं दूध हा शेवटचा उपाय, आणि तोही व्हेटला विचारून. पिल्लू गार लागत असेल तर आधी ऊब, मग दूध. थंड पडलेल्या पिल्लाला ते पचत नाही. पिंजऱ्याच्या अर्ध्याच भागाखाली मंद हीटिंग पॅड ठेवा, म्हणजे उकडलं तर सरकता येईल. दूध पाजताना त्याला माणसाच्या बाळासारखं उताणं धरू नका. पोटावर, चारी पाय खाली, आणि एक मिलिलिटरच्या सिरिंजने ओठाच्या कडेला थेंब थेंब. ते गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली की दूध छातीत जातं, आणि न्यूमोनियाने जाणारी पिल्लं बहुधा भुकेपेक्षा घाईने जातात, असं आमच्या व्हेटचं म्हणणं. आईने फोनवर गुटी सुचवली होती. तिला मी "बघतो" म्हणालो.

पण सगळं घर पिल्लाभोवती गोळा होतं तेव्हा बाळंतिणीकडे कुणाचं लक्ष नसतं. खरा धोका तिथे असतो. ती आजारी पडली तर तिन्ही पिल्लं गेली. व्यायच्या आधीचे काही दिवस आणि नंतरचा आठवडा जपायचा. या काळात मादी खायची थांबली, कोपऱ्यात गप्प बसली, केस पिंजारलेले दिसले, तर उद्या बघू म्हणायचं नाही. गर्भारपणातली एक विषबाधा असते, शरीर स्वतःची चरबी जाळत सुटतं, आणि त्यात जनावर फार लवकर जातं. लठ्ठ मादीला जास्त धोका. तसंच कळा देऊन वीस मिनिटं झाली आणि पिल्लू आलं नाही, तर ताबडतोब दवाखाना.

आणि दवाखाना आधीच शोधून ठेवा. आम्ही शनिवारी रात्री पहिल्यांदा ज्या ठिकाणी फोन केला तिथे उत्तर मिळालं, "आम्ही कुत्री-मांजरंच बघतो." लहान प्राणी बघणाऱ्याला इथे एक्झॉटिक व्हेट म्हणतात. त्याचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

बाळंतिणीचं खाणं हा आपला हातखंडा विषय, पण इथे डिंकाचे लाडू नाहीत. तिला टिमोथी गवत भरपूर, आणि पाजत असेतोवर सोबत लसूणघास, कारण त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त. एरवी मोठ्या गिनी पिगला लसूणघास रोज देऊ नये. शिवाय क जीवनसत्त्व. माणसासारखंच गिनी पिगलाही ते शरीरात बनवता येत नाही, रोज बाहेरून लागतं. एरवी किलोमागे १० मिलिग्रॅम, गाभण असताना ३०पर्यंत. पाण्यात थेंब टाकू नका, ते लवकर निकामी होतात. रोज ढोबळी मिरचीची फोड द्या, लाल असेल तर उत्तम. कोथिंबीर आणि शेपूही चालतो. आणि हो, पेरूची छोटी फोडसुद्धा, क जीवनसत्त्व त्यात भरपूर. फक्त साखर असते म्हणून कधीमधीच. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नको.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या प्रत्येकाच्या घरी भारतातून आणलेल्या औषधांचा एक डबा असतो. त्यातली अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या जातीची. गिनी पिगच्या पोटातले चांगले जंतू ती मारते आणि त्यात प्राणी दगावतो. शिंक आली, नाक वाहिलं, तरी त्या डब्याला हात लावू नका.

आमच्या धाकट्याचं वजन दुसऱ्या दिवशी ५१ झालं, तिसऱ्या दिवशीही ५१च. त्या रात्री व्हेटच्या सांगण्यावरून दर दोन तासांनी थेंब थेंब दूध, बायको आणि मी पाळीपाळीने. चौथ्या दिवशी ५२. पाचव्या दिवशी ५५. एक ग्रॅम वाढला म्हणून भल्या पहाटे दोन मोठी माणसं स्वयंपाकघरात हसत उभी होती. एकविसाव्या दिवशी तो १४६ ग्रॅम होता, भावंडांपेक्षा लहानच.

एकविसावा दिवस महत्त्वाचा. तोवर पिल्लं गवत खाऊ लागलेली असतात, आणि नर पिल्लांना आई-बहिणीपासून वेगळं करायचं ते याच दिवशी. उशीर केलात तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. मोठा नर घरात असेल तर त्याला मादी व्यायच्या आधीच हलवा, कारण व्याल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. वेगळं करायचं म्हणजे एकटं नाही. हे कळपातले प्राणी आहेत. आमचे दोन नर एका पिंजऱ्यात आहेत, आई आणि मुलगी दुसऱ्यात, आणि आमच्या बैठकीच्या खोलीत सोफ्याला जागा राहिलेली नाही. बाजीरावचं नाव बदलायला लेक तयार नाही.