शाळेची बातमी उंबरठ्याच्या आत

(माले, तालुका मुळशी, येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



शाळेचे वृत्त पालकांपर्यंत व गावापर्यंत कसे पोचवावे, या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. विषय वरवर पाहता लहानसा वाटतो. परिपत्रक आले, ते वर्गात वाचून दाखविले, फळ्यावर लिहिले, नोंदवहीत तारीख घातली, की आपले काम संपले असे आपण समजतो. मीही कित्येक वर्षे असेच समजत होतो. ज्या प्रसंगाने माझा हा समज गेला तो प्रथम सांगतो. कारण त्यातील चूक सर्वस्वी माझी होती.

मी तेव्हा दुसऱ्या एका तालुक्यातील लहानशा शाळेत होतो. पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. गणितात तिची गती अशी, की मी उदाहरण फळ्यावर पुरते लिहीपर्यंत तिचे उत्तर तयार असे. जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेची सूचना आली. मी ती वर्गात वाचली आणि बाहेरच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिली. मुलीने घरी जाऊन "परीक्षा आहे" एवढेच सांगितले. आईला वाटले, नेहमीची शाळेची परीक्षा असेल. वडील कामानिमित्त परगावी होते. अर्जाची मुदत गेली, आणि ती गेल्याचे माझ्याही ध्यानात फार उशिरा आले.

पुढे महिन्याभराने त्या बाई शाळेत आल्या. शेजारच्या गावातील एका मुलाचा अर्ज भरला गेल्याचे त्यांच्या कानी आले होते. मी म्हणालो, "सूचना फळ्यावर लिहिली होती." त्या म्हणाल्या, "फळ्यावरचं मला कुठं वाचता येतंय, गुरुजी? तुम्ही निरोप धाडला असता, तर मी एका दिवसाचा खाडा करून आले असते." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला उत्तर सुचले नाही.

नवोदय विद्यालयाच्या सहावीतील प्रवेशाची परीक्षा विद्यार्थ्याला आयुष्यात एकदाच देता येते, हे आपण जाणताच. पाचवीचे वर्ष उलटले की ती वाट कायमची बंद होते. त्या विद्यालयात शिक्षण, निवास व भोजन विनामूल्य असते. निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात, आणि एकतृतीयांश जागा मुलींसाठी. म्हणजे ती सोय जिच्यासाठी केलेली होती, नेमकी त्याच मुलीला ती कळली नाही. ती परीक्षा उत्तीर्ण झालीच असती असे मी म्हणत नाही. पण तिला बसता आले नाही, याला कारण तिची बुद्धी नव्हती आणि घरची गरिबीही नव्हती. कारण एवढेच, की माझी बातमी शाळेच्या ओट्यावरच राहिली. ती मुलगी गावाजवळच्या हायस्कुलात गेली आणि चांगली शिकली, ही माझ्या नशिबाची गोष्ट. माझ्या हातून झालेली चूक त्याने भरून येत नाही.

बंधुभगिनींनो, पालकांना वृत्त देणे हा आपला उपकार नव्हे. ते कायद्याने आपणांवर सोपविलेले काम आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. वेळेवर हजर राहणे, अभ्यासक्रम पुरा करणे, यांच्याच पंक्तीत आणखी एक कर्तव्य आहे: पालकांच्या नियमित सभा घेऊन, बालकाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, शिक्षणातील प्रगती व इतर आवश्यक माहिती त्यांना अवगत करून देणे. 'अवगत करून देणे' हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सूचना लावणे निराळे आणि अवगत करणे निराळे. पालकाला गोष्ट समजली आणि त्याला तीवर काही करता येण्याइतका अवधी उरला, तरच ती अवगत झाली असे म्हणावे.

आपल्या या मुळशी खोऱ्यात तर हा भेद अधिकच ध्यानात घ्यावयास हवा. आपली गावे एका ठिकाणी वसलेली नाहीत. मूळ गाव एकीकडे, वाड्या डोंगराच्या उतारावर, धनगरांची घरे त्याहून वर, कातकऱ्यांची वस्ती ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात एका वाडीहून दुसरीकडे जाण्यास तास मोडतो. भातलावणी सुरू झाली की घरात म्हातारी माणसे व तान्ही मुलेच काय ती सापडतात. तरुण बापे पिरंगुटच्या कारखान्यांत नाही तर पुण्यास कामाला असतात. व्हॉट्सअॅपवर सूचना टाकली की ती पोचली असे हल्ली आपण धरून चालतो. परंतु घरातला फोन बापाच्या खिशात असतो, आणि मुलाला शाळेत धाडणारी आई घरी असते. डोंगराच्या कुशीतील कित्येक घरांत फोनला आवाजच येत नाही. फोनचा उपयोग अवश्य करावा, पण त्यावर विसंबून राहू नये.

दुसरीही एक गोष्ट येथे, माले गावी बसून बोलताना, आठवल्यावाचून राहत नाही. येथून धरण दूर नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस या खोऱ्यातील शेतांत धरणासाठी चाचणीचे खड्डे खणले जाऊ लागले, तेव्हा ज्यांची ती शेते होती त्या मावळ्यांना कोणी धड विचारले नव्हते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचे नेतृत्व केले. स्त्रीपुरुषांनी तुरुंगवास सोसला. तरीही धरण झाले आणि अनेक गावे पाण्याखाली गेली. त्या इतिहासाची सगळी चर्चा येथे करण्याचे कारण नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की आपल्याच जमिनीची बातमी आपल्याला सर्वांच्या शेवटी कळावी, याचे दुःख या खोऱ्याने एकदा भोगले आहे. आपल्याच लेकराची बातमी तरी येथल्या माणसाला शेवटी कळू नये.

आता, कोणती बातमी द्यावी? स्नेहसंमेलन, सहल, ध्वजवंदन यांची वार्ता आपण हौसेने देतो, आणि ती द्यावीच. परंतु जिच्यावाचून मुलाचे नुकसान होईल ती बातमी आधी. तिची काही उदाहरणे देतो.

इयत्ता पाचवी व आठवीसाठी आपल्या राज्यात २०२३-२४ या वर्षापासून वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन व फेरपरीक्षा यांची संधी आहे. पण त्यानंतरही तो उत्तीर्ण झाला नाही, तर त्याच वर्गात राहतो. आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही, अशी अजूनही कित्येक घरांत समजूत आहे. निकालाच्या दिवशी ती दूर करणे म्हणजे फार उशीर झाला. ती जून महिन्यातच दूर करावी.

वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष सुरू होऊन गेले, एवढ्या कारणानेही नाकारता येत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांना हे माहीत असते काय? मूल जेथे जाईल तेथील शाळेत ते बसू शकते. जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला तरी त्याचा प्रवेश अडत नाही. आणि मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावयाचा असतो. हे कुटुंब निघण्यापूर्वी त्याला कळले पाहिजे. बिऱ्हाड हलल्यावर लिहिलेल्या सूचनेचा उपयोग कोणाला?

शालेय पोषण आहार घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे ग्रॅम तांदूळ, हे प्रमाण ठरलेले आहे. हा आकडा आईला ठाऊक असला, म्हणजे ती आपल्या मुलाच्या ताटाकडे जाणतेपणाने पाहील, आणि प्रसंगी आपणांस प्रश्न विचारील. तिने प्रश्न विचारणे यात शाळेचा कमीपणा नाही.

या सर्वांहून अवघड बातमी एक आहे. ती म्हणजे मूल वाचू शकते की नाही. प्रगतिपुस्तकात आपण श्रेणी लिहितो. 'ब' श्रेणी म्हणजे काय, हे घरी कोणास उमगते? त्याऐवजी, "मुलगा शब्द वाचतो, पण वाक्य वाचताना अडखळतो, रोज रात्री दहा मिनिटे त्याला मोठ्याने वाचावयास सांगा, तुम्ही नुसते जवळ बसा," असे सांगितले, तर निरक्षर आईलाही आपले काम समजते. मात्र ही गोष्ट चारचौघांत सांगू नये. मुलाची उणीव आईबापांना एकांतात सांगावी, आणि त्याचे कौतुक सभेत करावे.

बातमी कशी द्यावी, याचा धडा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींच्या शाळा चालविल्या, तेव्हा समाजाचा विरोध थोडाथोडका नव्हता. १८५२ साली त्या शाळांतील मुलींची जाहीर परीक्षा घेण्यात आली. मुली शिकतात की नाही, हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, हा त्यातला अर्थ. त्यांच्याच शाळेतील मुक्ता साळवे या मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. शाळेत काय चालते, याचा त्याहून चांगला अहवाल कोणता असू शकेल?

आपल्यालाही हे साधण्यासारखे आहे. अनेक शाळांनी चावडीवाचनाचा उपक्रम केला आहे. महिन्यातून एकदा, संध्याकाळी, देवळाच्या ओट्यावर किंवा वाडीतील एखाद्या अंगणात मुलांनी मोठ्याने वाचावे, उदाहरणे सोडवावीत. गाव एकत्र जमेल तेव्हाच शाळेच्या दोन सूचना तोंडी सांगाव्यात. दर वेळी एकाच वाडीत जमू नये. आज खालच्या आळीत, तर पुढल्या महिन्यात धनगरवाड्यावर. लावणीच्या दिवसांत सभा ठेवूच नये. मुलाला वाचताना ऐकण्यासाठी आलेला बाप परिपत्रक ऐकण्यासाठी कधी आला नसता.

बातमी एकाच दिशेने वाहू नये, हेही सांगितले पाहिजे. घरची वार्ता शाळेलाही हवी असते. मूल आठ दिवस का आले नाही. आजी आजारी आहे, की गुरे राखण्याची पाळी त्याच्यावर आली आहे. कुटुंब केव्हा बाहेरगावी जाणार आहे. हे विचारल्यावाचून कळत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. समितीची बैठक म्हणजे इतिवृत्तावर सह्या घेण्याचा प्रसंग, असे होऊ देऊ नये. प्रत्येक वाडीतील एका तरी आईला समितीत स्थान असावे, आणि तिच्या वाडीचा निरोप तिने आणावा व न्यावा. पाण्याच्या हापशावर तिने सांगितलेली गोष्ट आपल्या चार कागदांहून लवकर पसरते.

शेवटी एक साधी योजना सुचवितो. प्रत्येक वर्गशिक्षकाने एक लहान वही ठेवावी. महत्त्वाची सूचना आली की वहीत पटावरील सर्व मुलांची नावे उतरावीत, आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: घरातील कोणाला सांगितले, केव्हा सांगितले, आणि त्यांनी काय उत्तर दिले. जेथे उत्तराची जागा रिकामी राहील ते घर शोधीत जावे. तीसपस्तीस मुलांच्या वर्गात अशी रिकामी जागा चारपाच नावांपुढेच राहते. परंतु माझा अनुभव असा, की ज्या मुलांना त्या बातमीची सर्वांत अधिक गरज असते, तीच ही चारपाच मुले होत. माझी ती विद्यार्थिनी अशाच एका रिकाम्या जागेत हरवली. तेव्हा माझ्याजवळ वही नव्हती, म्हणून मला ती जागा दिसलीही नाही.

आपणांवर कामे थोडी नाहीत, हे मी जाणतो. माहितीचे तक्ते, नोंदण्या, सर्वेक्षणे यांत दिवस कसा जातो ते कळत नाही. दोनशिक्षकी शाळेत तर एकाने सभेस जावे आणि दुसऱ्याने चार वर्ग सांभाळावेत, अशी स्थिती असते. तरीही वर पाठवावयाचा अहवाल एक दिवस उशिरा गेला तर स्मरणपत्र येते, आणि आईला द्यावयाचा निरोप राहिला तर कोणाचेही स्मरणपत्र येत नाही. ती आठवण आपली आपणच ठेवली पाहिजे.

उद्या शाळेत गेल्यावर आपल्या फळ्यावर कोणती सूचना आहे ती पाहावी, आणि ती कोणत्या घरी अद्याप पोचली नाही, एवढे स्वतःस विचारावे. शाळा सुटल्यावर त्यांपैकी एका घरी जाऊन यावे.